नऊपर्यंत न बोलणारा फोन

"गिऱ्हाईक दारात आलं की आधी खुर्ची पुढे कर. काय हवंय ते मग विचार."

वडील जाऊन बरीच वर्षं झाली, तरी अक्काच्या कानात हा आवाज जसाच्या तसा होता, ओठांत दोन स्क्रू धरून बोलल्यासारखा. वडील टेबलावरचे दिवे दुरुस्त करायचे आणि सुटलेले स्क्रू तोंडात ठेवायचे. त्यामुळे त्यांची सगळी शिकवण अर्ध्या तोंडानंच आली होती. अक्कानं मात्र ती पूर्ण घेतली. दिव्यांचं दुकान आता तीच चालवायची, आणि दुकानामागच्या दोन खोल्यांत एकटी राहायची.

म्हणूनच धाकट्या भावानं वरच्या खोलीत बसून आपलं नवं इंटरनेटवरचं दुकान तिला दाखवलं, तेव्हा तिनं सगळं नीट पाहून घेतलं आणि विचारलं, "छान आहे. खुर्ची कुठंय?"

"अक्का, वेबसाइटला खुर्ची नसते."

"मग माणूस टेकणार कुठं?"

धाकट्यानं बायकोकडे पाहिलं. हे सगळं यंत्र उभं केलं होतं तिनं. बँकेतली चांगली नोकरी सोडून आलेल्या धाकट्याकडे बोलबच्चन करायचं काम तेवढं होतं. बेत सोपा होता. आपल्या गल्लीतल्या दुकानांतल्या वस्तू पडद्यावर मांडायच्या आणि ज्यांच्याकडे क्रिप्टो आहे, म्हणजे बँकेशिवाय फोनातून फोनात जाणारी ती डिजिटल नाणी आहेत, त्यांनी ती देऊन वस्तू घ्यायच्या. अशी नाणी बऱ्याच जणांकडे पडून होती, पण ती देऊन साधा बल्बही कुठं मिळत नव्हता.

"लोक येतात, बघतात, टोपली भरतात," भावजय म्हणाली, "आणि पैसे द्यायच्या बटणापाशी आले की पळून जातात."

"पळणारच," अक्का म्हणाली. "तुमच्या दुकानात माणूसच दिसत नाही. दुकानातल्या फोनचा नंबर टाका वर, मोठा. खाली लिहा, अडचण आली तर अक्काशी बोला."

नंबर टाकला गेला. घाईत एक गोष्ट मात्र कुणाच्याच डोक्यात आली नाही. अक्का रोज उठल्यापासून नऊ वाजेपर्यंत बोलत नसे. आईच्या शेवटच्या आजारपणात तिनं हे मौन धरलं होतं, ते पुढे सुटलंच नाही. तेवढ्या वेळात ती आंघोळ करी, पोथीचं एक पान वाची, दिव्यांवरची धूळ पुसे, आणि देवाशी जे काही असेल ते मनातल्या मनात बोलून घेई. घरच्यांना याची इतकी सवय झाली होती की ते वेगळं आहे हेच ते विसरले होते.

आणि मग बुधवारी, पावणेआठ वाजता, फोन वाजला.

अक्काच्या एका हातात फडकं होतं. दुसऱ्या हातानं इतक्या वर्षांच्या सवयीनं रिसीव्हर उचलून कानाला लावला, आणि मग तिला आठवलं की आपण बोलत नाही. ठेवून द्यावा तर माणसाच्या तोंडावर दार आपटल्यासारखं. ती तशीच उभी राहिली.

"हॅलो," पलीकडून एका बाईचा करारी आवाज आला. "हॅलो. कुणी आहे का? मला श्वास ऐकू येतोय. तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढलीत मी, पलीकडे माणूस आहे की नाही हे मला शिकवू नका."

अक्कानं श्वास रोखला.

"आता श्वासही बंद केला. वा. ऐका मग. मी तुमच्याकडे वाचायचा दिवा मागवला, वाकणाऱ्या मानेचा, हिरवा. माझी लेक परदेशातून ही नाणी पाठवते, तिनंच तुमचं दुकान शोधून दिलं. सोमवारी मी पैसे पाठवले. माझ्या फोनमधून गेले. तुमचं यंत्र म्हणतंय, रक्कम अपुरी. दिवा पाठवत नाही आणि पैसेही परत देत नाही. लेकीला विचारलं तर म्हणते, एकदा गेले की ओढून आणता येत नाहीत. मग मी काय करायचं? डोळे मिटून वाचायचं? आमच्या वाचनालयात मी एकटीच आहे हे वापरून बघणारी, बाकीचे माझ्याकडे बघतायत. त्यांना सांगू काय, की पैसे घेतात आणि फोन उचलून गप्प बसतात?"

मग रिसीव्हर ठेवल्याचा आवाज आला, तोही अगदी रीतसर, एक्स्चेंजमध्ये शिकवतात तसा.

साडेआठला धाकटा आणि भावजय आले तेव्हा अक्का काउंटरपाशी उभी होती, आणि तिच्यासमोर बिलाच्या मागे लिहिलेला कागद होता: बाई. हिरवा दिवा. पैसे अडकले. मी फोन उचलला. फार रागावल्या. नऊला बोलते.

धाकट्यानं वाचलं आणि स्टुलावर बसला. "तू उचललास आणि गप्प राहिलीस? अगं, निदान हं तरी म्हणायचंस. देव काय घड्याळ लावून बसलाय?"

अक्कानं त्याच्याकडे नुसतं पाहिलं.

"बरं बरं," तो म्हणाला. "पण उद्या साडेनऊला सगळे दुकानदार येणारेत. घड्याळवाले काका, बुकबाइंडर, सगळे. त्यांनी माल दिला तर हे दुकान चालतंय, नाही दिला तर मी परत बँकेत जाऊन साहेबांपुढे उभा. आणि ते माझ्या तोंडाकडे बघून देणार नाहीयेत, तुझ्याकडे बघून देणारेत. त्यात ही बाई वाचनालयभर सांगत सुटली तर झालंच."

भावजय तोवर लॅपटॉप उघडून बसली होती. "सापडलं," ती हळूच म्हणाली. "बाईंची चूक नाही. त्यांनी पूर्ण रक्कम पाठवली. नाणी ठेवायच्या ज्या ॲपमधून, म्हणजे वॉलेटमधून, ती आली, त्यानं आपला हिस्सा कापून घेतला. कपभर चहाही येणार नाही एवढासा. आपल्याकडे तेवढं कमी पोचलं, म्हणून यंत्र अडून बसलंय."

"यंत्राला सोडायला सांग."

"सांगितलं असतं. पण एका पैशानंही कमी चालणार नाही असा नियम कुणी घालायला लावला?"

धाकट्यानं छताकडे पाहिलं. "एकाला सोडलं की सगळे कमीच पाठवतील, म्हणून घातला."

"आणि पैसे परत पाठवायचं बटण?"

"ते पुढच्या महिन्यात करू म्हणालो होतो."

अक्कानं कागद ओढून घेतला आणि खाली एकच शब्द लिहिला: शाबास. मग भिंतीवर नऊ वाजले.

तिनं रिसीव्हर उचलला, भावजयीनं ऑर्डरमधून काढून दिलेला बाईंचा नंबर फिरवला, आणि त्या दिवसातले आपले पहिले शब्द बोलली. "बाई, मी दिव्यांच्या दुकानातली अक्का. सकाळी फोनवर मीच होते. नऊपर्यंत माझं मौन असतं. उचलायला नको होता, सवयीनं उचलला गेला. चूक माझी."

"मौन," बाई म्हणाल्या. "म्हणजे तुम्ही ऐकत होतात?"

"सगळं. हिरवा दिवा, वाकणारी मान. सोमवारी पैसे पाठवले. लेक परदेशात. यंत्र म्हणतं अपुरे. बाकीचे तुमच्याकडे बघतायत. आणि डोळे मिटून वाचायचं का, असं तुम्ही विचारलंत."

पलीकडून एक आवाज आला. हसण्याचाच असावा, फक्त तो दाबून धरलेला होता. "तीस वर्षं मी लोकांचे फोन जोडून दिले," बाई म्हणाल्या. "माझं कुणी इतका वेळ मध्ये न बोलता ऐकल्याचं आठवत नाही. नवरा तर नाहीच."

"पैसे तुम्ही बरोबर पाठवलेत. वाटेत थोडे कापले गेले आणि आमचं यंत्र त्यावर अडून बसलं. तो आमचा मूर्खपणा. दिवा उद्या मी स्वतः घेऊन येते. तुमच्यासमोर लावून दाखवते."

"किती वाजता?"

"अकराला."

"अकरा म्हणजे अकरा बरं का. मी ट्रंक कॉल जोडलेत, मला वेळ सांगितलेली चालते, उशीर चालत नाही."

"अकरा म्हणजे अकरा."

तिनं फोन ठेवला तेव्हा धाकटा दोन्ही हातांनी डोकं धरून बसला होता. "अक्का, उद्या साडेनऊला बैठक. बाई राहतात गावाच्या दुसऱ्या टोकाला, दोन बस बदलून. तुझं बोलणं मी सगळ्यात शेवटी ठेवलंय, साडेदहाला, ठसा उमटावा म्हणून."

"मग मला पहिली बोलव."

"पहिली बोललीस तर तू ही सगळी गोष्ट सांगशील."

"सांगणारच."

"तेच म्हणतोय मी."

"आधी आपणच सांगावं. वाचनालयातून कळलं तर कसं दिसेल?"

भावजय दिवसभर यंत्राशी झगडत राहिली. संध्याकाळी तिनं दाखवलं, की आता वाटेत कापलं गेलेलं दुकान सोसेल आणि दिवा अडणार नाही. पैसे परत पाठवायचं बटणही होतं, जरा वाकडं बसलेलं, पण होतं. धाकट्यानं ते तीनदा दाबून पाहिलं. मग खाली जाऊन त्यानं हिरवा दिवा पुसला, कागदात गुंडाळला, खोक्यात ठेवला, आणि थोडा विचार करून एक जास्तीचा बल्बही टाकला.

गुरुवारी साडेनऊला दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. घड्याळवाले काका एकुलत्या एका आरामखुर्चीत बसले होते, बाकीचे खोक्यांवर, बुकबाइंडर जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर. धाकट्यानं स्वागत केलं, दोनदा घसा साफ केला, आणि म्हणाला, "आधी अक्का बोलेल."

अक्का मृदू बोलायची, म्हणून सगळ्यांना पुढे वाकावं लागलं. तिनं फोनचं सांगितलं, मौनाचं सांगितलं, अडकलेल्या दिव्याचं सांगितलं. मौनाच्या जागी बुकबाइंडर इतका हसला की पायरीवरून खाली घसरला. पण अडकलेल्या पैशांपाशी सगळे सावरून बसले.

"म्हणजे," काका म्हणाले, "माझ्या घड्याळाच्या गिऱ्हाइकाचंही असं होणार?"

"हेच होणार नाही, ते दुरुस्त केलंय. दुसरं काही होईल. या नाण्यांचं असं आहे काका, एकदा गेली की कुठल्या साहेबाच्या पाया पडून परत आणता येत नाहीत. आपल्याकडे चुकून आली तर आपणच ती परत द्यायची. कुणी आपल्याला भाग पाडणार नाही."

"आणि परत देण्याची बुद्धी कुणाला व्हायची? तुला की या धाकट्याला?"

सगळे धाकट्याकडे बघू लागले. त्यानं ठरवलेलं भाषण खिशात होतं. ते त्यानं काढलं नाही. "नियम मीच घातला होता," तो म्हणाला. "आधीच सगळे लबाड असतील असं धरून बसलो. पहिलंच गिऱ्हाईक आलं ते प्रामाणिक निघालं, आणि अडकलं तेच."

काकांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. या कामाला त्यांना नेहमीच वेळ लागे. "दोन घड्याळं देतो," ते म्हणाले. "दोनच. उशाशी ठेवायची. भिंतीवरचं मोठं नाही."

"मग माझ्या वह्या चार," बुकबाइंडर म्हणाला. "पण फोटो मी सांगेन तसा. मागच्या वेळी वही विटेसारखी दिसत होती."

"वीटच आहे ती तुझी," कुणीतरी म्हणालं, आणि तिथून जो गलका सुरू झाला तो थांबेना. वस्तू कुणाच्या वर दिसाव्यात, फोन कुणी उचलायचा, नऊच्या आधी आला तर काय करायचं. एकानं तर सुचवलं, की पानावर लिहूनच टाका, सकाळी नऊपर्यंत फक्त ऐकून घेतलं जाईल. धाकट्यानं ते हसत हसत खरंच लिहून घेतलं.

अक्कानं भिंतीकडे पाहिलं. नऊ पंचावन्न. तिनं काउंटरखालून खोकं काढलं, छातीशी धरलं, आणि काकांच्या पसरलेल्या पायांवरून सांभाळून पलीकडे गेली. दाराशी भावजयीनं फक्त हात वर केला. अक्कानंही मान हलवली आणि दार आवाज न करता लोटून घेतलं.

थांब्यावर तीन माणसं उभी होती. ती चौथी उभी राहिली. बस आली तेव्हा तिनं खोकं एका हातावर तोलून दुसऱ्या हातानं दांडा धरला, वर चढली, आणि वाहकाला बाईंच्या थांब्याचं नाव सांगून विचारलं, "तिथं जाणारी पुढची बस लगेच मिळते ना? मला अकराला पोचायचंय."