निशाण आत्तींकडं

उचगावात नळ-पाइपांचं दुकान चालवणारी संयोगिता दर पौषात तीन दिवस दुकान नवऱ्यावर सोपवायची आणि पन्हाळ्याच्या पायथ्याला, तिथल्या एका उद्यानाच्या माळावर मुक्कामाला जायची. मर्दानी खेळाच्या तालमी तिथं शिवकाळातल्यासारखा तळ ठोकून राहायच्या. कापडी राहुट्या, चुलीवरचा स्वयंपाक, अंगावर त्या काळचे कपडे, मोबाइल फाटकावरच जमा. शेवटच्या दुपारी दोन बाजूंची लढाई. वेताच्या काठ्यांना चिंध्या गुंडाळलेल्या असत. काठी लागली की जागच्या जागी बसायचं. दुसऱ्याचं निशाण जो आधी उपटेल तो जिंकला, आणि हरलेल्यांनी सगळ्यांचा स्वयंपाक करायचा.

गेली काही वर्षं समोरच्या बाजूचा सरदार, पन्हाळ्याचा धैर्यशीलच जिंकत होता. यंदा संयोगिताच्या बाजूचे सयाजी वस्ताद गुडघ्याच्या ऑपरेशनमुळं खुर्चीला खिळले होते. त्यांनी सरदारकी तिला दिली. दांडपट्टा ती त्यांच्याकडंच शिकली होती. तोंडावर कुणी काही बोललं नाही, पण दरवर्षी वस्तादांच्या उजव्या हाताला असणारा मोहित राहुटीच्या दोऱ्या जरा जास्तच जोरानं ओढत होता.

संयोगिताची सासू झुंबरबाईही यंदा आली होती. सून माळावर जाऊन करते काय, हे तिला एकदा डोळ्यांनी बघायचं होतं. नऊवारी ती रोजच नेसायची, त्यामुळं वेशाचा प्रश्नच नव्हता. पहिल्या दिवशी तिनं राहुटीला, थंडीला आणि चुलीला नावं ठेवली. दुसऱ्या दिवशी वाऱ्याची दिशा बघून चूल फिरवून मांडली, आणि तळाचा स्वयंपाक आपसूक तिच्या हाती गेला.

लढाईच्या सकाळी मोहित म्हणाला, नेहमीसारखी निम्मी माणसं निशाणापाशी ठेवू. संयोगितानं नकार दिला. निम्मी मागं राहतात म्हणूनच पुढची निम्मी धैर्यशीलच्या तावडीत सापडतात, यंदा सगळेच पुढं जातील, असं तिनं सांगितलं. मग निशाण कोण राखणार, असं मोहितनं विचारल्यावर ती उठून चुलीपाशी गेली.

"आत्ती, निशाण तुमच्याकडं देते. जमंल न्हवं?"

झुंबरबाईनं तव्यावरची भाकरी उलटली. "कोण येणार हायेत?"

"दोघं-तिघं येतील मागनं. काठी लावली की त्यांनी बसायचं. तुम्हाला लागली तर तुम्ही बसायचं."

"मी कशाला बसतीया? त्यांच्या आधी मीच लावती की."

मोहित वस्तादांकडं बघू लागला. वस्तादांनी संयोगिताकडं बोट दाखवलं.

दुपारी सगळी तुकडी कोरड्या ओढ्यातून वाकून पुढं सरकली. धैर्यशीलची माणसं वाटेवर दबा धरून होती, पण ती निम्म्या माणसांच्या हिशेबानं. बाजूनं एकदम एवढी माणसं अंगावर आल्यावर त्यांची फळी मोडली. धुरळ्यात दोन्हीकडची माणसं पटापट खाली बसत गेली. मोहितही बसला, पण बसण्याआधी त्यानं तिघांना बसवलं आणि संयोगिताला वाट करून दिली.

तिकडं तळावर धैर्यशीलचे तीन गडी राहुट्यांमागून आले. चुलीपाशी एकटी म्हातारी आणि लांब खुर्चीत वस्ताद. एकजण हसून म्हणाला, आजी, जरा बाजूला व्हा, लागंल. झुंबरबाईनं पदराखालची काठी काढून त्याच्याच नडगीला लावली. दुसरा त्याच्याकडं बघत राहिला तेवढ्यात त्याच्या पाठीत बसली. तिसरा निशाणापर्यंत पोचला, पण म्हातारीवर काठी उगारायची कशी, या विचारात तोही सापडला. तिघं मुकाट खाली बसले. रिकामं बसवून काय करायचं, म्हणून तिनं त्यांना भाकरी आणि ठेचा दिला.

धैर्यशील आपल्या निशाणापाशी एकटाच उभा होता. संयोगिता समोर आल्यावर त्यानं मदतीला धावत येणाऱ्या आपल्या गड्यांना थांबायला सांगितलं. तो नेहमीसारखा वरून आला, सगळा जोर खांद्यात घेऊन. त्याचा वार वाऱ्यासारखा कानावरून गेला. ती मागं हटली नाही. गिरकी घेत गुडघ्यावर आली आणि खालून फिरवलेली काठी त्याच्या मांडीला लागली.

क्षणभर कुणालाच कळलं नाही. धैर्यशीलनं स्वतःच हात वर केला आणि खाली बसला. "लागली," तो म्हणाला.

तिनं निशाण उपटलं. ते खांद्यावर टाकून ती आपल्या तळाकडं वळली.

संध्याकाळी धैर्यशीलच्या माणसांनी तांबडा-पांढरा रस्सा रांधला. मीठ कमी आहे, हे झुंबरबाईनं साऱ्या तळाला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं. धैर्यशील वाढत वाढत संयोगितापाशी आला. आमच्या तालमीतल्या पोरींना ती गिरकी शिकवशील का, असं त्यानं विचारलं. रविवारी दुकान बंद असतं, तेव्हा येईन, ती म्हणाली. पोरींना आधी पाय बळकट करायला सांग, असंही तिनं बजावलं.

जेवणं झाल्यावर वस्तादांनी विषय काढला. पुढच्या वर्षापर्यंत गुडघा बरा होईल, सरदारकीचं काय करायचं ते ठरवा, असं ते म्हणाले. दोघं-तिघं मोहितकडं बघू लागले.

"पुढल्या वर्षी बी मीच," संयोगिता म्हणाली आणि पाण्याचा तांब्या पुढं सरकवला.

मोहितनं तो घेतला. "मग ओढ्याची वाट आता त्यांस्नी कळली," तो म्हणाला. "दुसरी शोधाय पायजे."

दोघं विस्तवाजवळ सरकले आणि राखेत बोटानं माळाचा नकाशा काढू लागले.