दुपारचा बिघाड

रुपेश थूलने एसीची पुढची जाळी तिसऱ्यांदा काढली, तिच्यावर फुंकर मारली आणि पुन्हा बसवली. तिच्यात फुंकण्यासारखं काही नव्हतं. परवाच त्याने ती नळाखाली धरून स्वच्छ धुतली होती. पण मागे खुर्चीवर नानाजी तेलरांधे बसले होते, आणि गिऱ्हाईक पाठीशी बसलं की मेकॅनिकला हात चालू ठेवावेच लागतात.

"येऊन राह्यली ना थंड हवा?" त्याने विचारलं.

"आता येऊनच राह्यली. आता दहा वाजले सकाळचे," नानाजी म्हणाले. "दुपारी पाह्य म्हणा. दुपारी खोली अशी तापते, का पापड वाळवून घ्या."

"पण काकाजी, गॅस बरोबर हाय, कॉम्प्रेसर बरोबर हाय, स्टॅबिलायझर बी—"

"सगळंच बरोबर हाय तं मंग मी काऊन घामानं भिजून राह्यलो?"

रुपेश पुन्हा जाळी चाचपू लागला. दारात उभ्या असलेल्या नानाजींच्या बायकोने, शोभाबाईंनी, चहाचा कप पुढे केला आणि त्या आत निघून गेल्या.

एसी नवाकोरा होता. मागच्या उन्हाळ्यात शोभाबाईंना दोनदा भोवळ आली होती, म्हणून पुण्याहून मुलाने, स्वप्निलने, फोनवर जाहीर केलं की यंदा कूलर बंद. दोन हजार पाचच्या मार्चमध्ये एसी आला, मागच्या भिंतीला चौकोनी भोक पाडून बसवला, आणि वर्ध्याला लागून असलेल्या सिंदी मेघेच्या त्या गल्लीतले लोक आठवडाभर तो बघायला येत राहिले. महिनाभर ठीक चाललं. एप्रिल तापायला लागला तशी नानाजींची तक्रार सुरू झाली. आधी नागपूरहून एक मेकॅनिक आला, मग वर्ध्याच्या बाजारातला एक. दोघांनाही नानाजींनी गोड बोलून वाटेला लावलं आणि तिसरा शोधायला निघाले. नाक्यावरच्या 'थूल कूलर वर्क्स'पाशी त्यांचा शोध थांबला. त्या पाटीवर 'कूलर'च्या आधी पिवळ्या रंगात 'एसी' ही दोन अक्षरं कशीबशी दाटीवाटीने बसवलेली होती.

ती अक्षरं रुपेशने मागच्या दिवाळीत स्वतः रंगवली होती. कूलर म्हणाल तर तो नुसत्या घरघरीवरून सांगायचा की बेअरिंग गेलंय की पंप. एसीसाठी मात्र त्याने नागपूरला तीन महिने राहून शिक्षण घेतलं होतं, आणि सहा महिने झाले तरी त्या पिवळ्या रंगाला गिऱ्हाईक आलं नव्हतं. नानाजी पहिले.

आणि पहिले म्हणजे नुसते पहिले नव्हेत. त्यांच्या माडीवर आचल मॅडम भाड्याने राहत. सावंगीला डॉक्टर. त्यांच्यासारख्या बारा डॉक्टरांनी मिळून सावंगीच्या रस्त्यावर एक इमारत बांधली होती, जूनमध्ये सगळे तिथे राहायला जाणार होते, आणि प्रत्येक घरात एसी. त्यांची देखभाल करणारा कोणी जवळचा माणूस मिळतो का, नाहीतर नागपूरचा ठरवू, असं मॅडमनी घरमालकांना विचारून ठेवलं होतं.

"माहा एसी दुपारचा चालला, तं तुह्यंच नाव सांगतो," नानाजींनी पहिल्याच दिवशी रुपेशला सांगितलं होतं. "नाई चालला तं नाई सांगत. सरळ हिशोब."

तेव्हापासून रुपेशच्या डोक्यात बाराच्या बारा एसी घरघरत होते. बायकोलाही त्याने सांगून टाकलं होतं, आणि तेच चुकलं असं त्याला आता वाटत होतं.

त्याने कप खाली ठेवला. सकाळी येऊन दुपारचा बिघाड कसा सापडणार? दुपारीच यायला हवं.

दुसऱ्या दिवशी सव्वादोनला तो आला. डोक्याला दुपट्टा गुंडाळलेला, डोळे बारीक केलेले. रस्त्यावर कुत्रंसुद्धा नव्हतं. नानाजी जेवून झोपलेले असणार, म्हणून त्याने बेल वाजवली नाही. एसीची मागची बाजू अंगणातून पाहावी म्हणून तो घराच्या कडेच्या बोळीत शिरला. एका बाजूला तेलरांध्यांची भिंत, दुसऱ्या बाजूला कमरेएवढं कंपाउंड आणि त्याला लागूनच शेजारच्या मंदाबाईंचं घर.

चार पावलं गेला असेल नसेल, त्याच्या उजव्या कानाला गार हवा लागली.

तो थांबला. मे महिन्यात, वर्ध्यात, भर दुपारी बोळीत गार हवा! त्याने मान वळवली. नानाजींच्या खोलीची खिडकी सताड उघडी होती. खिडकीत शोभाबाई बसल्या होत्या, मांडीवर परात आणि परातीत चिंचा. डावीकडे बघितलं तर मंदाबाईंचीही खिडकी उघडी. खिडकीला लागून खाट, खाटेवर उशांना टेकून मंदाबाई, पायाखाली दोन लोड, आणि त्यांच्याही मांडीवर चिंचांची परात. दोघी चिंचोके काढत होत्या आणि कशावर तरी पोट धरून हसत होत्या. रुपेश बरोबर दोघींच्या मधोमध उभा होता.

"कोण रे बाप्पा?" मंदाबाईंनी विचारलं. "अवं शोभाबाई, तुमचा मेकॅनिक आला वाट्टे. लय चांगली मशीन बसवली रे भाऊ तुमी. हवा पाह्य कशी माह्या खाटेवर येते."

शोभाबाईंचा हात चिंचेवरच थांबला. त्यांनी रुपेशकडे पाहिलं, मग मागे पलंगावर झोपलेल्या नवऱ्याकडे पाहिलं, आणि ओठांवर बोट ठेवून मागच्या दाराकडे खूण केली.

मागच्या दाराशी येईपर्यंत रुपेशचं डोकं तापलं होतं. चार दिवस तो गॅस मोजत होता, तारा तपासत होता, रात्री अंथरुणात पडून नागपूरच्या वहीची पानं उलटत होता.

"काकू, खिडकी उघडी ठेवल्यावर खोली कशी थंडी होईन?"

"मालूम हाय मले," शोभाबाई हळूच म्हणाल्या. "मी काय तेवढी वेडी हाव?"

"मंग?"

त्यांनी पदराने तोंड पुसलं. मग सांगायला लागल्या. या घरात कूलर आला त्याला बावीस उन्हाळे झाले. कूलर इथे, मागच्या दारात. आणि कूलर म्हटला की बोळीकडची खिडकी उघडी ठेवावीच लागते, नाहीतर खोलीत नुसती दमट वाफ. खिडकी उघडी म्हणून मंदाबाई समोर. बावीस वर्षं उन्हाळ्याच्या दुपारी त्या दोघी खिडकीत बसल्या. त्यासाठी कधी कोणाला काही सांगावं लागलं नाही, विचारावं लागलं नाही. एसी आला आणि खिडकी लागली.

"अन् यंदाच, पाडव्याले, मंदाबाई न्हाणीत पडली. मांडीचं हाड. तीन महिने खाट. पोरगा दुकानात, सून शाळेत. दिवसभर भिंतीकडे पाहात राह्यते. मले सोप्निलनं दुपारचं बाहीर पडू नको म्हणून सांगतलं. मंग हे झोपले का मी खिडकी खोलतो. चार वाजता लावून देतो."

"मंदाबाईले हे खिडकीचं सांगून पाह्यलं?"

"सांगतलं तं ते म्हणन, लावा ना बाई खिडकी, माहं काय. अन् पडून राहीन तशीच."

रुपेशने बोळीकडे पाहिलं. शोभाबाईंनीच पुढे बोलणं काढलं.

"तू सांग तुह्या काकाजीले. खिडकीपायी होते म्हणून सांग. ते डॉक्टरचं काम हाय ना तुह्यं? मी ऐकलं. माह्यापायी तुह्यं नाव कायले खराब होऊ द्या? लावत जाईन मी उद्यापासून."

हे त्या इतक्या सरळपणे म्हणाल्या की रुपेशला त्यांचा राग धरून ठेवता येईना. त्या भांडल्या असत्या, गयावया केली असती, तर सोपं गेलं असतं.

नानाजी उठेपर्यंत तो पुढच्या ओसरीवर बसून राहिला. एक वाक्य बोलायचं होतं. 'काकाजी, खिडकी उघडी असते.' संपलं. बिघाड सापडला, पाटीवरची दोन अक्षरं खरी ठरली, बारा एसी खिशात. दुसरं काहीही सांगितलं तर? आत हसण्याचा आवाज आला. त्याने डोक्याचा दुपट्टा काढला, घडी केली, पुन्हा मोडली.

साडेचारला नानाजी डोळे चोळत बाहेर आले.

"आला का? पाह्यलं का दुपारचं?"

"पाह्यलं काकाजी."

"मंग काय निघालं?"

शोभाबाई चहा घेऊन आल्या होत्या. त्या तिथेच उभ्या राहिल्या.

"ऊन लय तापते," रुपेश म्हणाला. "मशीनवर लोड येते. दोन ते साडेचार मशीन बंद ठेवा लागते. तिले आराम पाह्यजे."

बोलताना त्याचे त्यालाच कान गरम झाले. एसी, आणि त्याला मे महिन्याच्या दुपारी आराम! नागपूरच्या मास्तरांनी हे ऐकलं असतं तर त्याला वर्गातून उठवलं असतं. संध्याकाळच्या आत हे माडीवर जाणार, आणि आचल मॅडम हसून नागपूरला फोन लावणार.

नानाजींनी बशीत चहा ओतला. "मंग दुपारचं आमी काय करावं?"

"जुना कूलर हाय ना? तो लावून देतो मी. मागच्या दारात. नवी खस टाकतो, पंप पाहून घेतो."

"अन् खिडकी?"

"कूलर म्हटल्यावर खिडकी खोलीच ठेवा लागते काकाजी."

"हे बरोबर," नानाजी गंभीरपणे म्हणाले. "मेकॅनिकनं सांगतलं तं ऐका लागते. आइकलं का वं? सोप्निलचा फोन आला का सांगजो त्याले. मेकॅनिकनं सांगतलं म्हणा."

शोभाबाईंनी पदर खोचला. त्यांनी रुपेशकडे पाहिलं नाही, पण आत जाऊन त्या शेव-चिवड्याची मोठी ताटली घेऊन आल्या आणि त्याच्यापुढे ठेवून गेल्या.

गच्चीवरच्या खोलीतून कूलर खाली उतरवायला तासभर लागला. रुपेशने पत्रा पुसला, पात्यांना तेल दिलं, टाकी भरली. बटण दाबल्यावर कूलर दोनदा खाकरला आणि सुरू झाला. पाण्याचा आणि नव्या खसेचा वास खोलीतून आरपार जाऊन पलीकडच्या खिडकीत पोचला असावा, कारण तिकडून मंदाबाईंचा आवाज आला, "अवं, हे काय? कूलर काऊन काढला?"

"एसीले आराम पाह्यजे म्हणते मेकॅनिक!" शोभाबाई कूलरच्या आवाजावरून ओरडल्या.

"काय पाह्यजे?"

"आराम!"

आता दोघींना ओरडूनच बोलावं लागणार होतं, आणि त्याचं कोणालाच काही वाटत नव्हतं.

नानाजी रुपेशला सोडायला फाटकापर्यंत आले. रुपेशने गाडीला पिशवी अडकवली आणि जे मनात होतं ते बोलून टाकलं.

"काकाजी, मॅडमले हे आरामाचं नका सांगजा. हसतीन थ्या."

"हसतीनच," नानाजी म्हणाले. मग थोडं जवळ आले. "नागपूरवाल्याले दुपारचं दहा मिनटात समजलं होतं. वर्धेवाल्याले पंधरा. मले बाजूले घेऊन म्हणे, खिडकी लावा काकाजी. मी म्हटलं, बरं. अन् दुसरा पाहाले निघालो."

रुपेशचा हात गाडीच्या हँडलवरच राहिला.

"तुमाले मालूम होतं?"

"दुपारी मी झोपतो असं तिले वाट्टे," नानाजी म्हणाले. "डोये मिटून पडतो. त्या दोघीयच्या गोष्टी ऐकत पडलं का बरं वाट्टे. खिडकी लाव म्हणाले माही जीभ नाई रेटत. अन् पोरानं हौसेनं देल्ला एसी बंद ठेवतो म्हणावं, तं त्याले वाईट वाटन. कोणीतरी बाहीरच्यानं सांगाले पाह्यजे होतं."

वरच्या गॅलरीचं दार वाजलं. आचल मॅडम ड्यूटीवरून आल्या होत्या, हातात पाण्याची बाटली घेऊन कठड्याशी आल्या. रुपेशने मान खाली घातली.

"ओ मॅडम!" नानाजींनी मान वर करून हाक मारली. "तुमचा मेकॅनिक सापडला बरं का!"

"खरंच? झाला का तुमचा एसी? काय बिघडलं होतं?"

"मशीन ठीकच होती. माणूस भेटत नव्हता."

"बरं झालं बाई. मग उद्या सकाळी त्यांना पाठवता का इमारतीवर?"

"पाठवता कायले?" नानाजी म्हणाले, आणि त्यांनी रुपेशच्या पाठीवर एवढ्या जोरात थाप मारली की त्याला गाडी सावरावी लागली. "उभाच हाय ना इथी."