थाळ्यातला दुसराच हलवा

मित्रांनो, मी पितळेचा एक जुना थाळा आहे. माझ्याविषयी आजवर कोणी वाईट बोललेलं नाही. माझ्यात जे ओततात त्याविषयीही कोणी काही बोललेलं नाही, आणि सगळी अडचण तिथेच झाली.

माझा जन्म रोह्याला एका तांबटाच्या हातून झाला. त्याने मला तीन दिवस ठोकलं. त्यात राग नव्हता, ते त्याचं काम होतं, हे मला पुढे कळलं. मग एका बेने इस्राएली घराने, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यू कुटुंबाने, मला विकत घेतलं आणि शीला नावाच्या नव्या सुनेच्या हाती दिलं. मला काम वर्षातून एकदाच. नव्याचा सण आला, म्हणजे ज्यूंचं नवं वर्ष लागलं, की गव्हाचा चीक नारळाच्या दुधात आटवून त्याचा हलवा करायचा, तो माझ्यात ओतायचा आणि थंड झाला की वड्या पाडायच्या. दूध नारळाचंच, कारण त्या जेवणात मांस असतं आणि मांसावर गाईम्हशीचं दूधतूप काही खायचं नाही असा नियम आहे. बाकी सगळं वर्ष मी फ्रीजमागे उभा असतो. तिथे ऊब असते. तक्रार नाही.

सव्वीस वर्षांपूर्वी शीलाआत्या मुलाच्या नोकरीमागे ओमानला, अल हैलला राहायला आल्या. मी चादरीत गुंडाळून आलो. विमानतळावरच्या यंत्रात माझा फोटो निघाला. आयुष्यात तेवढा एकच.

सणाचं जेवण असतं जवळच्या अल घुब्राला, आत्यांची भाची रेवा हिच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये, कारण तिचा हॉल मोठा. अकरा नातेवाईक जमतात. इथे आमच्या नियमाने कोंबडी कापणारा मिळत नाही, म्हणून आत्यांचे दीर शालोमकाका स्वतः शिकले. एरवी ते टायरच्या कंपनीत असतात. रक्त उतरावं म्हणून कापलेल्या कोंबडीला तासभर मीठ लावून ठेवायचं आणि मग धुवायचं, अशी रीत आहे. शालोमकाका धुवायचं विसरतात. रेवाचा नवरा डॅनियल रस्सा करतो आणि चव न बघता त्यात पुन्हा मीठ घालतो. रस्सा समुद्राच्या जवळपास जातो. समुद्र तसाही दहा मिनिटांवर आहे. जेवणाआधी काका पुरुष मोजतात. पूर्ण प्रार्थनेला दहा लागतात. सात भरतात. ते परत मोजतात.

आणि मग हलवा येतो. मित्रांनो, मी त्याला सगळ्यांत जवळून ओळखतो, म्हणून सांगतो. तो चाववत नाही. सुरी आत जाते ती परत येत नाही. सगळे एक वडी गालात धरून ‘वा’ म्हणतात आणि उरलेला डब्यांत भरून नेतात. आत्यांना दातांमुळे गोड बंद आहे. त्या नुसत्या डबे भरताना बघतात आणि त्यांचा चेहरा उजळतो. सव्वीस वर्षं असंच चाललं होतं.

यंदा रेवाने ठरवलं की बस्स. तिच्या इमारतीत खाली राहणारे सिराजभाई मूळचे श्रीवर्धनचे, त्यांचं दुकान रुस्ताकला. त्यांच्याकडून तिने ओमानी हलवा मागवला. रंग तोच, चकाकी तीच. सिराजभाई म्हणाले, “बोट लावून बघा ताई, तूप कसं सुटलंय. अस्सल.” रेवाने बोट लावलं, वा म्हटलं आणि त्यावर पुढे विचार केला नाही.

आत्या आदल्या दिवशीच मला आणि हलव्याला घेऊन मुक्कामाला आल्या होत्या. सणाच्या दुपारी सगळे कोंबडीशी झगडत असताना रेवाने स्वयंपाकघरात माझ्यातला हलवा अखंड उचलला. तो उचलता आला, यातच सगळं आलं. तो वॉशिंग मशीनमध्ये ठेवला, कारण सणाला मशीन लावत नाहीत. माझ्यात दुसरा ओतला. मला कोणी विचारलं नाही.

त्या दिवशी हलवा संपायला लागला. शालोमकाकांनी तीन वड्या घेतल्या. बोटं चाटत ते म्हणाले, “वहिनी, यंदा कमाल केलीत. नारळाला अगदी तुपाची चव आणलीत.”

रेवाच्या आत्ता लक्षात आलं. कोंबडीवर तूप. दहा जण खाऊन बसले होते. उरल्या होत्या फक्त आत्या. शहात्तर वर्षांत त्यांनी मांसावर दुधातुपाला हात लावला नव्हता, बाळंतपणात नाही, आजारपणात नाही. पण यंदाचं कौतुक ऐकून त्यांना राहवेना. दात गेले खड्ड्यात, असं काहीसं पुटपुटून त्यांनी माझ्यातली वडी उचलली आणि तोंडाशी नेली.

रेवा गप्प बसली असती तर कोणालाच कळलं नसतं.

“आत्या, नको खाऊस,” ती म्हणाली. “तो तुझा नाही. बाहेरून आणलाय. तूप आहे त्यात.”

आत्यांनी वडी परत माझ्यात ठेवली. शालोमकाकांनी तोंड रुमालाने पुसलं, मग रुमालाकडे पाहिलं.

“माझा कुठाय?” आत्यांनी विचारलं.

“वॉशिंग मशीनमध्ये.”

तिथे गार राहतो, असं डॅनियलने सुचवून पाहिलं. रेवाने त्याला बाजूला सारलं.

“आत्या, तो चाववत नाही गं. कधीच चाववला नाही.”

आत्यांनी माझ्या काठावरून बोट फिरवलं. मग त्यांनी विचारलं की सव्वीस वर्षं डबे भरून नेलेल्याचं काय केलंत. एकेकाने कबुली दिली. काकांचा सोहारच्या रस्त्यावर बकऱ्यांना गेला होता आणि बकऱ्यांनी तो तसाच ठेवला होता. डॅनियलने आठ वर्षांपूर्वीची एक वडी कपाटाच्या डुगडुगत्या पायाखाली सरकवली होती. आत्यांनी ती मागवली. कपाट कलंडलं. आत्यांनी वडी अंगठ्याने दाबून पाहिली. काही झालं नाही.

“टिकलाय,” त्या म्हणाल्या. मग घड्याळाकडे बघितलं. दोन वाजले होते. “तुम्ही खाल्लंत ते खाल्लंत. दहाव्या दिवशी दारं लावून प्रायश्चित्ताचा उपास आहेच, तेव्हा माफी मागा. मांस खाऊन सहा तास झाले की तूप चालतं, मी तेव्हा खाईन. तोवर कोणी जागचं हलायचं नाही.”

मशीनमधला हलवा आला. सगळे सहा तास तो चघळत एकमेकांसमोर बसले. चारच्या सुमाराला बोलायचे विषय संपले. काकांनी पुन्हा पुरुष मोजले. पाचला रेवाने विचारलं की आत्या, तू ढवळतेस तरी किती वेळ. आत्या म्हणाल्या, सासूबाईंनी सांगितलं होतं, हात दुखायला लागले की उतरवायचं.

“मग?”

“माझे दुखत नाहीत.”

रेवा हसली, आणि मग तिला रडू आलं. आत्यांनी तिचे हात हातात घेऊन उलटसुलट पाहिले आणि पुढच्या वर्षी तू ढवळ, असं सांगितलं.

आठ वाजता त्यांनी माझ्यातली वडी खाल्ली. तूप जास्त झालंय म्हणाल्या आणि दुसरी उचलली.

मित्रांनो, घासूनपुसून ठेवलं तर माझ्यासारखा थाळा शंभर वर्षं टिकतो, तेव्हा भांडी जपा. पण माणसांविषयीही एक विनंती आहे. कोणी प्रेमाने वाढलेलं तुम्हाला चाववत नसेल, तर पहिल्याच वर्षी सांगा. त्याला एक मिनिट लागतं.