जेवल्याशिवाय जायचं नाही

“नाव टाकून पाहा न भाऊ. कुलदीप,” नत्थुजी म्हणाले.

परवेजनं मान हलवली. अकोल्याच्या जठारपेठेत त्याचं निमंत्रणपत्रिका छापून द्यायचं दुकान. जुना कॉम्प्युटर उन्हाळ्यात बसला तो बसलाच. डिझाइनं गेली, गणपती गेले, कलश गेले. उरल्या नुसत्या मजकुराच्या ढीगभर फाइली. आता काळ्या पडद्यावर ‘ग्रेप’ लिहून पुढं एक शब्द द्यायचा, की तो शब्द असलेल्या तेवढ्याच ओळी गाळून समोर येत.

गेल्या साली नत्थुजींच्या पौर्णिमाचं लग्न ठरलं, तेव्हा पत्रिकेचा मजकूर तिच्या भावानं, कुलदीपनं, इथं बसून सांगितला होता. पावसानं दगा दिला, लग्न पुढं गेलं, पत्रिका छापायची राहिली. दिवाळीआधी कुलदीप स्वतःच्या हातानं गेला. त्या साली वऱ्हाडात कैक शेतकरी गेले, तसाच. आता लग्न पुन्हा धरलं होतं आणि बापाला शब्द लेकाचेच पाहिजे होते. ‘पौर्णिमा’ टाकल्यावर तिथीवाल्याच शेकडो ओळी आल्या होत्या.

परवेजनं नाव टाकलं. एकच ओळ आली. कुलदीपच्या तेरवीची.

“हे कार्ड... मी केलं?”

“तुमीच केलं. मी इथंच तं बसलो होतो, याच स्टुलावर.”

परवेजनं त्यांच्याकडं नीट पाहिलं. काही म्हणता काही आठवेना. त्या साली तेरवीच्या पत्रिका इतक्या आल्या, की नावं डोळ्यांतून थेट बोटांत उतरायची, मधे कुठं थांबायचीच नाहीत. लाज वाटायला पाहिजे होती. तीही वाटली नाही.

“लग्नाच्या मजकुरातला एखादा शब्द सांगा काका. दुसरं कोनी लिहीत नाही असा.”

नत्थुजी विचारात पडले. “जेवणाचं काहीतरी होतं बाप्पा.”

‘भोजन’ तर घरोघरच्या पत्रिकेत. ‘प्रीतिभोज’ही तसंच. परवेजनं सहज ‘जेवल्याशिवाय’ टाकून पाहिलं.

*जेवल्याशिवाय कोणी जायचं नाही. आपला, नवरीचा दादा.*

परवेजनं ती ओळ मोठ्यानं वाचली. “हेच! अस्साच बोले तो,” नत्थुजी म्हणाले आणि खांद्यावरचं दुपट्टं तोंडाशी धरून बसले.

परवेजनं ती फाइल उघडली. सगळा मजकूर शाबूत होता.

“काका, गेलेल्या मानसाकडून आमंत्रण नसते देत. हे खालचं ‘नवरीचा दादा’ काढू का?”

“काहून? बोलावून तं तोच राह्यला न.”

परवेजनं काही काढलं नाही. नमुन्याचा कागद निघाला, तो नत्थुजींनी चार घड्या न करता तसाच धरला. मग पिशवीतून फडकं सोडलं, भाकर मोडली, ठेचा ठेवला आणि अर्धी भाकर कीबोर्डच्या बाजूला सरकवली.

“दुपार होऊन गेली. तुमी जेवले का?”

परवेजचा डबा कोपऱ्यात तसाच बंद होता. तो नको म्हणणार होता. फाइल मिटल्यावर समोर काळ्या पडद्यावर पुन्हा ती ओळ होती, तिच्यावर तेरवीची.

त्यानं घास घेतला. मग कोपऱ्यातला डबा आणून नत्थुजींपुढं उघडला.