फुटक्या जात्याचं तळं

पार्वताबाईनं काचेच्या टाकीत कोपरापर्यंत हात घातला, तळातला गुलाबी प्लास्टिकचा किल्ला उचलला आणि पाणी निथळत असतानाच तो नबीच्या काउंटरवर ठेवला.

"हे आधी काढा," ती म्हणाली. "ह्याच्यात कोण राहीन?"

नबीनं आपला चहाचा ग्लास घाईघाईनं बाजूला सरकवला. बोलायचं होतं ते स्टुलावर बसलेल्या कुंदनला. कुंदन अकोल्याचा. दवाखाने, हॉटेलं, मोठ्यांचे बंगले अशा ठिकाणी माशांच्या टाक्या बसवून देण्याचा त्याचा धंदा. अमरावतीत नबीच्या दुकानातून तो काच आणि मासे दोन्ही न्यायचा. मांडीवर हेल्मेट घेऊन तो टाकीच्या एका कोपऱ्याकडे बघत होता. तिथं बोटाच्या पेराएवढी चाळीस पिलं एकमेकांना चिकटून उभी होती, सगळी चुलीतल्या राखेच्या रंगाची.

"मावशी, मीही पायलं, नबीभाईनंही पायलं," कुंदन म्हणाला. "हे मिक्स हाये."

"मिक्स नाई. तीन जातीचे हायेत. घरी तीन हौदात तीन जाती होत्या."

"इथं तं एकच डबा आला."

तेही खरं होतं. सकाळी ती तीन डबे माशांचे आणि एक डबा पाण्याचा घेऊन एस्टीत चढली, तर कंडक्टरनं दोनच चढू दिले. पोत्यात दगड होते, त्याचं वेगळं बोलणं खाल्लं. मग फाट्यावर, लोक खिडकीतून बघत असताना, तिनं तीन डब्यांतली पिलं एका डब्यात ओतली होती.

अकोल्याच्या एका डॉक्टरला दवाखान्याच्या बैठकीत आफ्रिकेतल्या सिक्लिड माशांची टाकी हवी होती, दगडांची, तिथल्या तळ्यासारखी. त्याला जातवार मासे पाहिजेत, नावाच्या पाटीसकट. पिलं ओळखता आली तर डॉक्टरकडे जाणार होती. आणि नाही आली तर? पार्वताबाईनं विचारलं तेव्हा कुंदननं सहज सांगून टाकलं. त्याच्या दुसऱ्या एका गिऱ्हाइकाकडे हातभर लांबीचा मोठा मासा आहे, त्याला रोज जिवंत पिलं लागतात. मिक्स माल तिकडे जातो.

पार्वताबाईचा हात गळ्यातल्या तुळशीच्या माळेकडे गेला. तिनं नबीकडे पाहिलं. नबी काच पुसायला लागला होता, जी पुसलेलीच होती.

"तुमी मले म्हणाले होते, हे पायासाठी असते. खायासाठी नाई."

"पायासाठीच हाये, आपा," नबी खालच्या आवाजात म्हणाला. "नाव असलं तं पायासाठीच हाये."

ह्या दुकानात ती पहिल्यांदा आली होती दोन वर्षांपूर्वी, तेही माशांसाठी नव्हे. तिचा दीर चंद्रभान गेला होता, त्याच्या फोटोला काच बसवायची होती. चंद्रभान गावच्या सप्ताहात मृदंग वाजवायचा. कीर्तनकार कितीही मोठा असो, चंद्रभानची थाप पडली की बुवा क्षणभर डोळे मिटायचे. ते शेतकऱ्यांच्या आत्महत्यांनंतर आलेल्या सरकारी पॅकेजचं वर्ष होतं. गावोगावी गाड्या यायच्या, याद्या व्हायच्या. चंद्रभान गेल्याच्या तिसऱ्या दिवशी पेपरात दोन ओळी आल्या, "तालुक्यात आणखी एक" अशा. खाली गावाचं नाव होतं, त्याचं नव्हतं. पार्वताबाईनं ते कात्रण फोटोच्या मागं ठेवलं आणि काच बसवायला अमरावतीला आली.

नबी काच कापता कापता कुरकुरत होता की ह्या आफ्रिकेच्या माशांचं पाणी जड लागतं, नळाचं पाणी त्यांना चालत नाही, खार मिसळून मिसळून हात फाटले. पार्वताबाई म्हणाली, आमच्या गावची बोर तशीच आहे. पूर्णाकाठचं तिचं गाव खारपाणपट्ट्यातलं. तिथल्या पाण्यात डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, चहा प्यायला तर पाहुणा दुसऱ्यांदा मागत नाही. नबीनं गंमत म्हणून चार मासे दिले. महिन्याभरानं ती सांगत आली की एका मासोळीनं खाणं सोडलंय, जबडा फुगलाय, आजारी दिसते. नबी हसला. अंडी तोंडात धरलीत म्हणाला. पिलं बाहेर पडेपर्यंत तीन आठवडे ती काही खाणार नाही.

एकादशी तशी पार्वताबाईच्या घरात नवी नव्हती. पण एकवीस दिवस अन्नाचा कण नाही, आणि तोंड उघडायचं नाही, हे ऐकून ती घरी आली आणि त्या हौदासमोर तिनं संध्याकाळचा दिवा ठेवला. तेव्हापासून मासे तिचेच झाले.

गावात मात्र बोलणं सुरू झालं. बायकांच्या भजनात पुढं बसणारी गोदाबाई तोंडाची फटकळ. गळ्यात माळ आणि घरात मासोळ्या, हे कोणत्या पोथीत लिहिलंय, असं तिनं देवळाच्या पायरीवर सगळ्यांदेखत विचारलं. यंदाच्या सप्ताहाला आठ दिवस उरले होते, आणि प्रसादाच्या सैपाकाला पार्वताबाईनं हात लावू नये असा निरोप गोदाबाईनंच पाठवला होता. आज सकाळच्या एस्टीतही ती दोन बाकं पुढं होती. फाट्यावर डबे रिकामे होताना तिनं मान वळवून पाहिलं आणि पुन्हा सरळ केली.

पार्वताबाईनं पदर खोचला.

"नबीभाई, तुमी नमाजले जाता का आता?"

"जातो."

"जाऊन या. ह्या भाऊलेही जेवून येऊ द्या. तुमी येईपर्यंत मी वेगळे करते. झाले तं नावानं नेजा. नाई झाले तं मी माहे परत नेईन. त्या मोठ्या माशाले माह्या घरचा एकही जाणार नाई."

कुंदन हसला. हसण्यात वाईटपणा नव्हता, घाई होती. "मावशी, पुस्तकं पाहून आमाले ओळखू येत नाई. ह्या वयात सगळे सारखेच असतात. रंग मागून येते."

"मी रंग पायतच नाई," ती म्हणाली.

दोघं गेले. दुकानात पंख्याचा आणि हवेच्या पंपाचा आवाज राहिला. पार्वताबाईनं टाकीतलं अर्धं पाणी बादलीत काढलं आणि आपल्या डब्यातलं बोरचं पाणी हळूहळू आत सोडलं. मग पोतं उघडलं. तिच्या गावात दगड नाही. विहीर खणली तरी काळी मातीच लागते, माती आणि माती. त्यामुळे पहिल्या हौदात दगड कुठून आणायचे हा प्रश्न आला तेव्हा तिनं सासूचं जुनं, फुटलेलं जातं वापरलं होतं. वरच्या तळीचे दोन तुकडे, कडेचं खुंट्याचं भोक, खाली छिन्नीचे घाव. सोबत घराच्या छपरावरची आठ-दहा मोडकी कवेलू. दोन वर्षांत त्यावर हिरवं शेवाळ धरलं होतं.

तिनं जात्याचा मोठा तुकडा तळाशी घट्ट रोवला, दुसरा त्यावर तिरपा टेकवला, हलवून पाहिला. कवेलू उपडी घातली, एकावर एक, मधून बोट जाईल इतकी फट ठेवून. मग टाकीसमोर जमिनीवर मांडी घालून बसली.

पिलं कोपऱ्यात तशीच उभी होती. ती बसून राहिली. तिला सवय होती वाट पाहण्याची. कीर्तन सुरू होण्याआधी बुवा अबीर लावून घेतात, वीणा जुळवतात, टाळकरी घसा साफ करतात, तोवर मंडपात लोक येत राहतात. कोण कुठं बसणार ते तिला न बघताही सांगता आलं असतं. खांबाला टेकणारी माणसं वेगळी, वीणेजवळ सरकणारी वेगळी, आणि चपला नजरेसमोर राहाव्यात म्हणून दाराशी बसणारी वेगळी. गर्दीत सगळ्या पांढऱ्या टोप्या आणि सगळे हिरवे पदर. जागेवर बसली की मगच माणूस ओळखू येतं.

पहिलं पिलू सुटलं. जात्याच्या पाठीवर गेलं आणि तोंड घासत शेवाळ खरवडायला लागलं. त्याच्या मागून आणखी तीन, मग पाच. वरच्या अंगाला चरत राहिली, एकमेकांना ढुशा देत.

"तुमी निळे," पार्वताबाई पुटपुटली.

दुसरं टोळकं कवेलूखाली शिरलं. त्यातली काही उलटी होऊन, पोट वर करून कवेलूच्या छताला लागली आणि फटीतून काही तरी टिपायला लागली. भांडण नाही, तंटा नाही. ती पिवळी. आणि मग एक आलं ते सरळ खुंट्याच्या भोकात घुसलं, तोंड बाहेर काढून बसलं आणि जवळून जाईल त्याच्या अंगावर धावलं. त्याच्यासारखीच बाकीची एकेक घाव, एकेक भेग धरून बसली. एवढीशी अंगं, पण घरमालकाचा तोरा. ती पट्टेवाली.

जाळीनं पकडलं असतं तर सगळी पुन्हा एकत्र झाली असती. तिनं जाळी घेतलीच नाही. कवेलू उचललं की आतली पिलं घाबरून आतच दबून राहतात, हे तिला घरी कळलं होतं. तिनं कवेलू तसंच पाण्याबाहेर काढलं आणि दुकानातल्या पाणी भरलेल्या पातेल्यावर उपडं केलं. टपटप पिलं पडली. पुन्हा ठेवलं, पुन्हा बसून राहिली, पुन्हा उचललं. भेगांतली तिनं जात्याच्या तुकड्यासकट उचलली, शेवाळावर चरणारी शेवटी ओंजळीत घेतली.

नबी आणि कुंदन परत आले तेव्हा काउंटरवर तीन पातेली होती. कुंदननं मोबाइलचा उजेड पाडला. तासाभरात पिलांची भीती गेली होती आणि राखेतून रंग वर यायला लागला होता. एका पातेल्यात फिकट पिवळा, हळद उडून गेलेल्या कपड्यासारखा. एकात निळसर झाक. तिसऱ्यात प्रत्येकाच्या अंगावर आडवी, केसासारखी बारीक रेघ. कुंदन वाकून वाकून पाहत राहिला. हेल्मेट त्यानं केव्हा खाली ठेवलं ते त्यालाही कळलं नसावं.

"काय म्हणता, कुंदनभाऊ?" नबीनं विचारलं. "कोण्या पुस्तकात हाये हे?"

कुंदननं पहिलं पातेलं पुढं ओढलं. तो मोजायला लागला. पिवळी चौदा, निळी सोळा, पट्टेवाली नऊ. मग त्यानं टाकीत पाहिलं. हवेच्या नळीमागं एक पिलू उभं होतं. दगडाकडे गेलं नव्हतं, कवेलूकडे गेलं नव्हतं. अजून राखेचंच होतं.

"एकोणचाळीस," कुंदन म्हणाला, "अन् हे आणखी एक. हे कोणतं?"

पार्वताबाईनं बराच वेळ पाहिलं. "नाई समजत," ती म्हणाली.

"चालते. हे एक मिक्समधे टाकू." त्यानं खिशातून छोटी पिशवी काढली आणि तोंडानं फुंकून उघडली.

पार्वताबाईचे दोन्ही हात टाकीच्या काठावर होते. ते तिथंच राहिले.

"ते देत नाई."

"एकच तं हाये, मावशी."

"मनूनच."

"चाळीसचं बोलणं झालं होतं आपलं."

"मंग एकही नका नेऊ." तिनं पिवळ्यांचं पातेलं आपल्याकडे ओढलं. आवाज चढला नव्हता. "डॉक्टरले सांगा, बाई आडमुठी निघाली."

कुंदननं नबीकडे पाहिलं. नबीनं काउंटरवरचा गुलाबी किल्ला उचलला, खालच्या कप्प्यात टाकला आणि कप्पा बंद केला.

"माल तिचा हाये," तो म्हणाला.

कुंदननं पिशवीतली हवा सोडली. घडी करून खिशात ठेवली. मग विचारलं की अकोल्याची टाकी कोण मांडून देईल, ते दगड तरी विकत देता का. पार्वताबाई म्हणाली, जातं विकत नाही. अचलपूरच्या नदीत पाहिजे तेवढे काळे दगड आहेत, ते आणून धुवून ठेवा. पाणी मी आणीन. मांडीनही मीच, सप्ताह झाला की. आणि नावाच्या पाटीवर गावाचं नाव लिहायचं, खारपाणपट्टा नाही, गावाचं नाव.

परतीच्या एस्टीत ऊन तिरपं झालं होतं. पोतं तिनं बाकाखाली ढकललं आणि झाकणाला भोकं पाडलेला डबा पायांत धरला. गोदाबाई बाजार करून चढली, आणि जागा तेवढीच होती म्हणून शेजारी बसली. वलगाव मागं पडलं. मग गोदाबाईनं डब्याकडे पाहिलं. खाली वाकून भोकातून पुन्हा पाहिलं.

"सगळे इकले," ती म्हणाली, "अन् एक काहून ठेवला? सप्ताहाच्या आधी चव पायतं का, माळकरीन बाई?"

पुढच्या बाकावरची दोन माणसं हसली.

"चंद्रभान हाये तो," पार्वताबाई म्हणाली.

गोदाबाईच्या तोंडातलं पान चावायचं थांबलं. तिनं खिडकीबाहेर पाहिलं. बाहेर काळी शेतं मागं जात होती, कुठं दगड नाही, कुठं चढ नाही. मग रस्त्याचा खराब भाग आला. एस्टी आदळली, डबा कलंडला, आणि पार्वताबाईनं वाकायच्या आत गोदाबाईनं तो उचलून मांडीवर घेतला. दोन्ही तळहात दोन्ही बाजूंनी लावून धरला.

थोड्या वेळानं तिची बोटं आपसूक डब्यावर ताल धरू लागली. दोन-तीन थापा पडल्या असतील. मग आतला दचकेल म्हणून तिनं हात थांबवला.