उजव्या चाकामागचा बोल्ट

मी एक जुना बोल्ट आहे. मित्रांनो, एके काळी माझे डोके चांगले सहा कोनांचे होते. आता ते दोन बाजूंनी कानशीने घासलेले आहे आणि उरलेल्या बाजूंनी सुपारीसारखे गुळगुळीत. जन्मापासून सुरुवात करावी अशी रीत आहे, पण जन्माच्या वेळी मी हजारांतला एक होतो. म्हणून आधी एका रविवारचे सांगतो.

त्या रविवारी सकाळी घरामागच्या पत्र्याखाली गाडी लोखंडी घोड्यांवर, म्हणजे टेकूंवर, चढवलेली होती. मागची दोन्ही चाके काढून भिंतीला टेकवली होती. बाबा पुठ्ठ्यावर पाठ टेकून गाडीखाली गेले होते आणि त्यांची मुलगी उकिडवी बसून टॉर्च धरत होती. बाबा कारखान्यात छत्तीस वर्षे फिटर होते. मुलगी ऑफिसात मोठ्या हुद्द्यावर, म्हणून ते तिला साहेब म्हणत.

"साहेब, टॉर्च बोल्टवर धरा. माझं तोंड बघून काय करताय?"

"बोल्ट कुठला आणि तुम्ही कुठले, कळायला नको का? दोघंही सारखेच काळे."

बाबा इतके हसले की त्यांचे डोके गाडीला आपटले.

मागचे शॉकॅब बदलायचे होते. खड्ड्यात गाडी आदळली की धक्का गिळतो तो शॉकॅब, आणि त्याचे खालचे टोक धरून ठेवणारे आम्ही दोघे बोल्ट, एक डावीकडे, एक उजवीकडे. डावीकडचा माझा जोडीदार मिनिटभरात सुटला. "लोणी!" बाबा म्हणाले. मग ते माझ्याकडे वळले.

मी हललो नाही. पाना सटकला आणि बाबांची बोटे खरचटली. दुसऱ्यांदा सटकला तेव्हा माझे कोनच गेले. तिसऱ्यांदा त्यांनी पाना लावला नाही. माझ्या डोक्यावरून आणि वायसरच्या कडेवरून ते अंगठा फिरवत राहिले. बराच वेळ. मग बाहेर सरकत म्हणाले, "हात गेला माझा, साहेब. आता पूर्वीसारखं होत नाही."

मुलीला काहीतरी बोलायचे होते. ओठ हललेही. पण ती एवढेच म्हणाली, "चहा ठेवू?"

"ठेव. हा कुठं पळून जातोय!"

त्यांनी माझ्यावर तेल सोडले, पाना पुसून जागेवर ठेवला. दुसऱ्या दिवशी सकाळी दाढी करताना ते आरशासमोरच कोसळले. दवाखान्यात नेईपर्यंत सगळे संपले होते.

मित्रांनो, आता मागचे सांगतो. पोलादाच्या सळईचा तुकडा तापवून माझे डोके घडवले गेले, अंगावर आटे पाडले गेले आणि मला पिवळसर चकाकी चढवली गेली. गाडीच्या जन्मापासून मी उजव्या मागच्या चाकाशी होतो. मी कितीतरी खड्डे पाहिले, उन्हाळे सोसले. पण मी भाग्यवान, कारण ही गाडी बाबांकडे आली.

त्यांचे काम पाहत राहावे असे होते. काढलेले बोल्ट ते वर्तमानपत्रावर, ज्या क्रमाने निघाले त्याच क्रमाने मांडत. कुणी पंखा लावला तर "अरे, माझी शाळा उडवताय!" म्हणून ओरडत. प्रत्येक बोल्टला घासून, पुसून, बोटाने ग्रीसचा पातळ हात देत. पहिले पाच आटे पान्याने कधीच फिरवायचे नाहीत. "बोटांना जे कळतं ते पान्याला कळत नाही," असे ते म्हणत. आणि सगळ्यांत शेवटी, गाडी खाली उतरवून चाकांवर उभी केल्यावरच, पुन्हा आत सरपटत जाऊन आम्हांला अखेरचे आवळत. गाडी लटकत असताना आवळले तर शॉकॅबच्या टोकातले रबर जन्मभर पिळलेले राहते. हे कोणाला दिसत नाही. बाबांना दिसे.

पाच वर्षांपूर्वी त्यांनी डावी बाजू उघडली आणि माझ्या जोडीदाराला असे सजवून बसवले. पुढच्या आठवड्यात माझी पाळी होती. मध्येच त्यांच्या डोळ्याचे ऑपरेशन ठरले. उजवीकडून खडखड ऐकू येत होती आणि मुलीला रोज लांब जायचे होते.

"थांब ना पंधरा दिवस," बाबा म्हणाले होते. "डॉक्टरांनी वाकू दिलं की करतो."

"बाबा, तुम्हांला एका चाकाला तीन दिवस लागतात. मी गॅरेजला टाकते."

गॅरेजमध्ये वीस मिनिटे लागली. ती माणसे वाईट नव्हती, त्यांच्या दारात दहा गाड्या उभ्या होत्या. त्यांनी बोल्ट फिरवणाऱ्या हवेच्या बंदुकीने मला सोडवले आणि तसेच कोरडे आत ठोकले. त्या दणक्यात माझे कोन तेव्हाच चेपले. मग पाणी आत गेले. शॉकॅबच्या टोकातल्या रबरात बसवलेल्या नळीला मी गंजाने असा चिकटलो की आमचे दोघांचे एकच लोखंड झाले. लांबून पाहता मी ठणठणीत दिसत होतो.

आता त्या रविवारनंतरचे. तीन महिने गाडी घोड्यांवरच होती. आई मागचे दार उघडायची नाही.

"चालती कर, नाहीतर घेऊन जा म्हणावं कोणाला," एक दिवस ती म्हणाली. "दार उघडलं की मी वाकून खाली बघते गं. दर वेळी."

मामाने भंगारवाल्याशी बोलून ठेवले. येत्या रविवारी तो गाडी न्यायला येणार होता. मुलीने ऑफिसात आठवड्याची रजा टाकली आणि पुठ्ठ्यावर पाठ टेकली.

"बोल्ट काढतेस की दाढ?" मामा दुसऱ्या दिवशी डोकावून म्हणाला. "गाडी जुनी, बोल्ट जुना. सोड ना."

"मामा, उजेडातून बाजूला हो."

पान्याला जोर लावला की नळीसकट मी थोडा फिरायचो, रबर पिळायचे, आणि सोडले की आम्ही पुन्हा जागच्या जागी. ती संध्याकाळी ओट्याशी बसली तेव्हा तिच्या कोपरापर्यंत गंज होता.

"एवढं कशासाठी?" आईने विचारले.

"हे मला जमलं नाही तर त्यांचं शेवटचं काम अर्धंच राहील. आणि ते..." ती थांबली. "हात गेला म्हणाले मला. आयुष्यभर कधी असं म्हणाले नव्हते. आणि मी काय केलं? चहा ठेवला."

आईने साबण पुढे केला.

तिसऱ्या दिवसापासून मुलीने घाई सोडली. तारेच्या ब्रशने मला घासले. सकाळ-संध्याकाळ तेल सोडले आणि हातोडीने हलके ठोकत राहिली, तेल आत झिरपावे म्हणून. मग कानस घेतली. माझ्या गोल झालेल्या डोक्याच्या समोरासमोरच्या दोन बाजू ती घासू लागली, लहान मापाचा पाना घट्ट बसेल इतक्या. आडवे पडून, हातभर जागेत, डोळ्यांत लोखंडाचा कीस. थोडे घासायची, पाना लावून बघायची, पुन्हा घासायची. मित्रांनो, मी अनेक हात पाहिले आहेत. त्या दोन दिवसांत मला वाटले, हा हात मी ओळखतो.

शनिवारी दुपारी पाना चपखल बसला. जोर वाढवायला त्याच्या दांड्यावर तिने लांब पाइप चढवला. सोडवण्याआधी तिने मला किंचित आवळले. हट्टी बोल्टशी असेच वागायचे असते, आधी त्याच्या बाजूने बोलायचे. आत कुठेतरी टक् झाले. मग पाव फेरा उलट, पाव फेरा सुलट, तेल, पुन्हा पाव फेरा. तासाभराने मी तिच्या तळहातावर होतो.

तिने डब्यातून माझ्या जोडीदाराला काढून शेजारी ठेवले. त्याच्या अंगावर पाच वर्षांपूर्वीचे ग्रीस अजून होते. माझ्या अंगावर डोक्यापासून टोकापर्यंत लाल गंज. ग्रीसचा डागसुद्धा नाही. ती पाहत राहिली.

"आई," तिने हाक मारली. आई कितीतरी दिवसांनी मागच्या दारातून बाहेर आली. "हे बघ. हा डावा, बाबांनी बसवलेला. हा उजवा, मी गॅरेजमध्ये बसवून आणलेला. हा कोणाच्याच हाताने सुटला नसता."

"त्यांना ठाऊक होतं," आई म्हणाली.

"काय?"

"त्या रविवारी तू आंघोळीला गेलीस तेव्हा म्हणाले मला. गॅरेजवाल्यांनी कोरडाच ठोकलाय, कोन पण त्यांनीच मारलेत. तिला सांगू नकोस, म्हणाले, उगाच मनाला लावून घेईल. माझ्या म्हातारपणावर ढकललंय मी, म्हणाले." आईने पदराने डोळे टिपले आणि लगेच सूर बदलला. "त्या दिवशी ओट्याशीच सांगणार होते, पण नको म्हणाले होते ना ते! आता तुझं तुलाच कळलं."

मुलीने आम्हां दोघांना पुठ्ठ्यावर शेजारी शेजारी मांडले. मग उठली. दोन्ही बाजूंना नवे शॉकॅब लावले, नव्या बोल्टांना ग्रीस दिले, पहिले पाच आटे बोटांनी फिरवले. चाके चढवली, घोडे काढले. गाडी स्वतःच्या पायांवर उभी राहिल्यावर ती पुन्हा आत सरपटली आणि दोन्ही बाजूंचे बोल्ट अखेरचे आवळले. भंगारवाल्याला नको म्हणून सांगायचे काम मामाला मिळाले.

मित्रांनो, मी आता कामाचा नाही, पण माझे एक ऐका. जे काम झाकले जाणार आहे, ते जास्त नीट करा. तुमच्या घरातही असे कोणी असेल, जे कोणाला न दिसणाऱ्या जागी बोटभर ग्रीस लावून ठेवते. त्या माणसाला हाक मारा. ऐकू येईल इतक्या जवळ असतानाच मारा.

त्या शनिवारी, बोल्ट आवळून झाल्यावरही मुलगी गाडीखालीच होती. आई बाहेर उभी होती, तिच्या फक्त चपला दिसत होत्या. मुलीने हातातला पाना पोटावर ठेवला आणि वरच्या लोखंडाकडे बघत मोठ्याने म्हणाली,

"बाबा, तुमच्यासारखं काम करणारं माणूस मी दुसरं पाहिलं नाही. मला तुमच्याकडून सगळं शिकायचं होतं. मी नुसती टॉर्च धरायला येत नव्हते."