अंगठ्याजवळचा खळगा

देवराव शेंडे मूर्तिकार होता, पण देव घडवत नसे. पोटासाठी शाळांना आणि समाजभवनांना पुढाऱ्यांचे अर्धपुतळे करून द्यायचा. उरलेल्या वेळात साधी माणसं करायचा, उघड्या अंगाची, वाकलेली, ओझं उचलणारी. ती कोणी विकत घेत नव्हतं. भिलाईजवळच्या कुरुदमधल्या घरामागच्या टिनाच्या शेडमध्ये ती दाटीवाटीने उभी होती.

वडील तुमसरकडचे, रेल्वेत गँगमन. लहानपणी भिलाई-3 च्या यार्डात त्यांचा जेवणाचा डबा घेऊन गेलेला देवराव रूळ उचलणाऱ्यांच्या पाठी पाहत बसायचा. पुढे खैरागडला कला शिकायला गेला, तेव्हा भुरे सरांनी त्याच्या पहिल्या मूर्तीच्या गुडघ्यात बोट खुपसून विचारलं, "याच्या आत काय आहे?" देवरावला सांगता आलं नाही. सरांनी चिठ्ठी दिली आणि तो उन्हाळा त्याने रायपूरच्या मेडिकल कॉलेजात, बेवारस प्रेतं चिरतात त्या हॉलमध्ये काढला. पहिले चार दिवस त्या वासाने घास उतरला नाही. पाचव्या दिवसापासून वास यायचा बंद झाला. एका म्हाताऱ्याचा नुसता खांदा त्याने एकोणीस दिवस रेखाटला. म्हाताऱ्याला नाव नव्हतं, पायाला नंबर होता.

तेव्हापासून त्याची नजर कायमची बदलली. लग्नाच्या पंगतीत बसला तरी वाढणाऱ्याचं मनगट पाहत राहायचा, पानातली भाजी थंड व्हायची.

बायको सत्यभामा भिलाईच्या सेक्टर 2 मध्ये बायांना शिवण शिकवायची. देवरावच्या प्रत्येक बाईमूर्तीला हात तिचेच होते. दुपारी ती स्टुलावर बसून हात पुढे करायची आणि गावाकडच्या गोष्टी सांगायची. तो अर्ध्याच ऐकायचा.

त्या फेब्रुवारीत तो तिचा उजवा हात करत होता. अंगठा आणि पहिलं बोट यांच्यामध्ये मांसाचा उंचवटा असतो. तो बसलेला दिसला. देवरावने मातीत तिथे अंगठा दाबला. खळगा पडला आणि मातीचा हात एकदम खरा झाला. इतका खरा हात त्याच्याकडून आजवर झाला नव्हता. त्याला आनंद झाला. आणि त्याच क्षणी कळलंही, की मांस असं उगाच वाळत नाही.

तो काही बोलला नाही. एक्कावन्न वर्षांची आहे, वय असेल, असं स्वतःला सांगितलं. खळगा मात्र दर आठवड्याला थोडा खोल करत गेला.

एप्रिलमध्ये क्लासात सत्यभामेच्या हातून कात्री पडली. दुसऱ्या दिवशी पुन्हा पडली. मुलगी नीतू दुर्गच्या एका बँकेत होती. सुट्टी घेऊन तिने दोघांना रायपूरला नेलं. तपासण्या झाल्या. डॉक्टर म्हणाले, नसांचा आजार आहे, हळूहळू सगळे स्नायू वाळतील, यावर औषध नाही. मग त्यांनी विचारलं, "हात कधीपासून वाळतोय?"

"पंधरा दिवस झाले असतीन," सत्यभामा म्हणाली.

मागे उभा असलेला देवराव बोलून गेला, "फेब्रुवारीपासून."

नीतूने वळून त्याच्याकडे पाहिलं.

घरी आल्यावर ती सरळ शेडमध्ये गेली. ओल्या फडक्याखालचा हात उघडून पाहिला.

"पप्पा, ये कब बनाया?"

त्याने फडकं पुन्हा हातावर ओढलं.

"दो महिने! तुमाले मालूम होतं. आईले सांगितलं नाही, मिट्टी में बना दिया?"

"सांगितलं असतं तरी औषध नव्हतं, बेटा."

"ते तुमाले तवा मालूम होतं का?"

 नीतूने आपला हात त्याच्या तोंडापुढे धरला. "माझाही पाहून घ्या. काही दिसलं तर आत्ताच सांगसान, का मूर्ती झाल्यावर?"

त्यानंतर ती त्याच्याशी कामापुरतंच बोलू लागली.

सत्यभामेने हे सगळं आतून ऐकलं होतं. संध्याकाळी तिने त्याला खाटेजवळ बोलावलं.

"अवो, पाहून बी गप्प कावून राहिले?"

"भेव वाटलं."

"नुसतं भेव?"

त्याने नखांतली माती खरवडली. मग म्हणाला, "हात लय चांगला होऊन राहिला होता."

तिने भिंतीकडे तोंड फिरवलं. दोन दिवस त्याच्या हातचं पाणी घेतलं नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी स्वतःच म्हणाली, "नुसता हात नका ठेवू. पुरी करा मले. जशी आहो तशीच. पण जे दिसन ते आधी मले सांगाचं, मंग मातीले."

ठरलं तसं सुरू झालं. आधी त्याने मातीत ती पुरी उभी केली. रोज सकाळी तो तिला हात धरून, पुढेपुढे उचलून शेडमधल्या खुर्चीत बसवायचा, नीट पाहायचा आणि सांगायचा. आज खांदा उतरला. आज मानेची डावी बाजू. आज मांडी. कधी ती नुसतं हं म्हणायची, कधी रडायची. एकदा हसली, "बारीक व्हाचंच होतं ना मले." सांगून झालं की तो तारेच्या अवजाराने मूर्तीवरून तेवढी माती काढायचा. एरवी मूर्ती माती लावून वाढते. ही दीड वर्ष फक्त कमी होत गेली.

अंघोळ घालायला शेजारची रुक्मा यायची. तिने मूर्ती पाहिली आणि म्हणाली, "देवरावभाऊ, हे पाप आहे." देवराव मूर्तीवर ओलं फडकं टाकत राहिला. पाप असेलही, असं त्याला वाटत होतं. पण थांबला असता तर रोज सकाळी तिच्याकडे पाहायचं धैर्य त्याला कुठून आलं असतं?

मग सत्यभामेची वाचा गेली. जेवण वाटून, पातळ करून द्यावं लागे. तो सांगायचा आणि ती डोळे मिटून हो म्हणायची. एका सकाळी त्याने तिच्या छातीकडे पाहिलं. श्वास घेताना फासळ्या नीट वर येत नव्हत्या. "सांगू?" त्याने विचारलं. तिने डोळे मिटले नाहीत. उघडे ठेवून त्याच्याकडे पाहत राहिली. त्याने अवजार खाली ठेवलं आणि तिला उचलून खाटेवर नेलं. मूर्तीला त्याने पुन्हा हात लावला नाही.

बारा दिवसांनी, सकाळी दहाच्या सुमारास, नीतू चमच्याने पाणी पाजत असताना सत्यभामा गेली.

तिसऱ्या दिवशी बापलेक अस्थी गोळा करायला मुक्तिधामात गेले. तिथल्या माणसाने राखेवर पाणी मारलं आणि म्हणाला, "पाच-सात चुन लो, बाकी नदी में." देवराव राखेजवळ उकिडवा बसला. त्याने सात वेचली नाहीत. एकेक तुकडा उचलून, फुंकून, तो फडक्यावर मांडू लागला. माणूस कंटाळून निघून गेला. नीतू थोडा वेळ उभीच होती. मग समोर येऊन बसली आणि एक तुकडा उचलला.

"हे कोनतं?"

दीड वर्षात तिने त्याला असं काही विचारलं नव्हतं.

"टाचेचं."

"हे?"

"गळ्याखालचं. इथलं." त्याने स्वतःच्या गळ्याखाली बोट ठेवलं. नीतूने तसंच आपल्या गळ्याखाली ठेवून पाहिलं. तिचे डोळे वाहत होते, पण ती एकेक विचारत गेली आणि तो सांगत गेला. ऊन वर आलं. कलश भरत आला.

शेवटी तिने नखाएवढा, काळपट तुकडा त्याच्या तळहातावर ठेवला. देवरावने तो उलटसुलट करून पाहिला, उजेडाकडे धरला, बोटाने चाचपला.

"हे मले ओळखू येऊन नाही राहिलं," तो म्हणाला, आणि तिथेच राखेत बसून मोठ्याने रडू लागला.

नीतूने त्याच्या हातातून तो तुकडा घेतला, कलशात टाकला आणि कलशाचं तोंड लाल फडक्याने बांधलं.